आत्याच्या कानातला श्वास

आत्यानं बोलणं सोडलं, हे मला आतेभावानं फोनवर सांगितलं.

"ताई, भांडण न्हाई, तंटा न्हाई. काही विचारलं तर नुसती मान हलवती. लयच मागं लागलं तर कुजबुजती. घरात कुणी झोपलंय आन् त्याला जाग येईल, असं."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. टाकवे बुद्रुकला एकटीच राहते. आतोबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आतेभाऊ नवलाख उंबऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात लागला आणि बायकोला घेऊन तळेगावात राहायला गेला. त्याच्याकडे जाऊन राहायला आत्या तयार नव्हती. दोन गायी, थोडं भात, दारची शेवग्याची झाडं, यातच तिचा जीव. त्या वर्षी श्रावणात तिला टायफॉइड झाला. त्यातून उठली तेव्हा अंगावर मांसच उरलं नव्हतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या. तशातच तिनं नवरात्राचे नऊ दिवस उपास धरले. कुणाचं ऐकलं नाही. घट उठले आणि तिची वाचा बसली, असं गावात बोलू लागले.

मी वलवणला धरणाजवळ राहते. घरून काम करते. परदेशातल्या दवाखान्यांत डॉक्टर पेशंटबद्दल जे लिहून ठेवतात, ते माझ्या स्क्रीनवर येतं. प्रत्येक आजाराला एक अक्षर आणि काही आकडे ठरलेले असतात, ते शोधून लावायचे, एवढंच माझं काम. याला कोडिंग म्हणतात. माझ्याकडे कान, नाक, घसा हे खातं आहे. पेशंटचं नाव मला दिसत नाही, चेहरा तर नाहीच. आमच्या कामात एक नियम फार कडक आहे: डॉक्टरनं जे लिहिलं तेच धरायचं. आपल्या मनानं निदान करायचं नाही. शंका आली तर उलट प्रश्न पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. दिवसभर मी अनोळखी माणसांचे दुखणारे, वाहणारे, दडे बसलेले कान वाचते. म्हणून घरात कुणाचा कान दुखला की मलाच फोन येतो. पण आत्याचा कानाशी काही संबंध असेल, असं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही. माझ्याही नाही.

दिवाळी झाल्यावर तिच्याकडे गेले. भातकापणी चालू होती, गाव सगळं शेतात. दुपारचे बारा वाजले असतील. आत्या पडवीत भिंतीला पाठ घट्ट लावून बसली होती. मला बघून हसली, पण उठली नाही. हातानंच बस म्हणाली. मी काहीतरी बोलू लागले तसं तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "ऐकू येतंय का तुला?"

"काय?"

"श्वास."

मी कान दिला. लांब कुठं तरी मळणीयंत्र चालू होतं. कोंबड्या माती उकरत होत्या. बाकी काही नाही.

"कुणाचा श्वास, आत्या?"

 तिनं एक बोट वर केलं आणि छाती भरून श्वास रोखला. डोळे माझ्यावर लावलेले. तसंच बराच वेळ. "आता थांबला त्यो," असं तिनं नुसत्या ओठांनी सांगितलं. मग श्वास सोडला आणि बोट हळूहळू खाली आणलं. "झाला चालू."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी तिच्या मागं बघितलं. मागं भिंत होती आणि खुंटीला अडकवलेली पावसाळ्यातली इरली.

हळूहळू, तुकड्यातुकड्यानं तिनं सांगितलं. ती श्वास घेते तेव्हा तोही घेतो. ती सोडते तेव्हा तोही सोडतो. जवळून येतो, मानेच्या अगदी मागून. बोललं की तिचाच आवाज डोक्यात घुमतो, रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलावं तसा, आणि वाटतं की कुणी तरी आपल्याबरोबर तेच शब्द म्हणतंय. घास चावला तरी शेजारी बसून कुणी चावत असल्यासारखं ऐकू येतं. म्हणून जेवण निम्म्यावर आलेलं. गावातल्या डॉक्टरांना तिनं "कानात आवाज येतो" एवढंच सांगितलं होतं. त्यांना वाटलं, सर्दीनं कानाची नळी बंद झाली असेल. त्यांनी नाक मोकळं करायचे थेंब दिले. थेंब घातले की श्वास आणखी मोठा व्हायचा.

 मी तिचे पाय चेपत बसले आणि संध्याकाळच्या आत वलवणला परतले. पुढच्या आठवड्यात आतेभावानं तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं आणि चिठ्ठीचा फोटो मला पाठवला. कागद डोळ्यांसमोर आला की माझ्या डोक्यात आकडे आपोआप उमटतात. चिठ्ठीवर निदान होतं श्रवणभ्रम. नसलेले आवाज ऐकू येणं. R44.0. कोड बसला आणि माझी शंकाही मिटली. खोटं कशाला सांगू, थोडं हायसंच वाटलं. मी त्याला लिहिलं, "बरोबर आहे. गोळ्या चालू ठेवा."

गोळ्यांनी गुणही आला. आत्या दिवसाचा बराच वेळ झोपायची आणि झोपून असताना श्वास येत नाही म्हणायची. आतेभाऊ खूश झाला. "औषध लागू पडलं, ताई." ती मात्र अधिकच वाळत चालली होती, कारण जेवायला उठावं लागायचं.

मग एके दिवशी माझी एक फाइल परत आली.

आमचं काम तपासणारे लोक असतात. चूक दिसली की ते फाइल शेरा मारून परत पाठवतात. मी एका बाईला कानाच्या नळीच्या बिघाडाचा सर्वसाधारण कोड लावला होता. शेरा असा होता की, डॉक्टरांनी बिघाडाचा प्रकार स्पष्ट लिहिला आहे, नीट वाचा. मी वाचलं. दिवसाला इतक्या फाइली उरकायच्या असतात की पेशंट काय म्हणाला हा भाग आम्ही वरवरच बघतो, खाली निदानाकडे पळतो. त्या बाईनं डॉक्टरला सांगितलं होतं की, कुणी तरी पाठीशी उभं राहून श्वास घेतंय असं तिला वाटतं. स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. अलीकडे तिचं वजन खूप उतरलं आहे. आडवं झालं की सगळं थांबतं.

मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. समोर धरणाची भिंत होती, ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, तरी मला दाराकडे पाठ करून उभं राहवेना. हे शब्द मी टाकव्याच्या पडवीत मराठीत ऐकले होते. निदान होतं कानाची नळी उघडी राहणं. H69.0. नळी बंद पडण्याचा आकडा अडुसष्टमध्ये येतो, उघडी राहण्याचा एकोणसत्तरमध्ये. इतकी वर्षं मी हे दोन्ही आकडे लावत आले होते. उघड्या नळीच्या माणसाला काय ऐकू येतं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. कान्हे फाट्यावरून जीप पकडून टाकव्याला गेले. आत्या खाटेवर पडून होती.

"आत्या, आता येतोय का श्वास?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"उठून बस बरं."

ती बसली. थोडा वेळ गेला आणि तिचा चेहरा उतरला. मी तिला डोकं गुडघ्यांत घालून वाकायला सांगितलं.

"गेला," ती तशीच वाकून म्हणाली. तिला नवल वाटलं नव्हतं. "वाकल्यावर जातोच त्यो. गोठा झाडताना कवाच यायचा न्हाई. पार सांज हुस्तवर म्या वाकूनच असायची. सरळ झालं का हाय मानंमागं हुबा."

"कोण उभा, आत्या?"

ती वर आली. दाराकडे बघितलं. मग माझा हात धरला आणि पहिल्यांदाच नाव घेतल्यासारखं म्हणाली, "तुजं आतोबा."

आतोबांनी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, गावात सगळे हेच सांगत. आत्यानं मला त्या दुपारी जे सांगितलं ते गावाला माहीत नव्हतं. ती शेजारणीशी बोलत असली, माहेरचं कुणी आलं असलं की आतोबा दाराआड येऊन उभे राहायचे. काही न बोलता. ते आलेत हे तिला फक्त त्यांच्या श्वासावरून कळायचं. तंबाखूनं त्यांचा श्वास जड झाला होता. पाहुणे गेले की ती काय काय बोलली ते सगळं ते तिला शब्दाला शब्द म्हणून दाखवायचे. रागानं नाही. नुसतं म्हणून दाखवायचे आणि जेवायला बसायचे. पस्तीस वर्षं.

"तीन वर्सं गप व्हते बग. मला वाटलं सुटले. आन् ह्या आजारपनात परत आले. म्या बोललं का ऐकत्यात. मग म्या बोलूच कशाला?"

"हे त्या डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"लेक शेजारी बसल्याला. त्याच्या बापाचं त्याच्याम्होरं कसं सांगू?"

मी ते आतेभावाला आजही सांगितलेलं नाही. त्या दिवशी त्याला फोन करून इतकंच म्हटलं की, एकदा कान दाखवून बघू.

तळेगावच्या कानाच्या डॉक्टर चाळिशीच्या होत्या, शांत. त्यांच्या मदतनीस बाईंनी आत्याची अवस्था बघून तिला तपासायच्या टेबलावर आडवं केलं. डॉक्टरांनी दोन्ही कान दुर्बिणीतून बघितले. पडदे छान, म्हणाल्या. मळ नाही, पाणी नाही. ऐकण्याची तपासणीही वयाच्या मानानं चांगली आली. "कानात काही नाहीये. आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवा."

आतेभाऊ उठायलाच लागला. मी बसून राहिले. डॉक्टरच्या आधी आपण निदान बोलायचं नाही, ही सवय इतकी हाडात मुरली होती की माझी जीभ उचलेना. शेवटी म्हटलं, "डॉक्टर, ती आडवी असली की श्वास बंद होतो. तिला जरा चालवून, उभीच ठेवून बघाल का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "श्वास? कानात आवाज येतो म्हणून लिहिलंय इथं."

"तिला श्वास ऐकू येतो. स्वतःचा असावा."

त्या एकदम सरळ बसल्या. आत्याला त्यांनी बाहेरच्या जिन्यावरून दोनदा खालीवर करायला लावलं. मग स्टुलावर ताठ बसवलं, कानात बारीक कॅमेऱ्याची नळी धरली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवला. "आजी, डावी नाकपुडी दाबा. तोंड बंद. आता जोरात श्वास घ्या."

स्क्रीनवर कानाचा पडदा होता, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, राखाडी, ओला. आत्यानं श्वास घेतला आणि तो आत गेला. सोडला आणि बाहेर फुगला. आत, बाहेर. बेडकाचा गळा हलतो तसा. काही तरी जिवंत तिथं दडून बसलं आहे, असंच वाटत होतं. आतेभाऊ दोन पावलं मागं सरला.

"ह्ये काय हाय?" आत्यानं विचारलं.

"तुमचा कान आहे, आजी. तुमच्या श्वासाबरोबर हलतोय."

मग डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक जुनी रबरी नळी काढली. एक टोक आत्याच्या उजव्या कानात बसवलं, दुसरं स्वतःच्या कानात. ऐकलं, मान डोलावली आणि ते टोक मला दिलं. "ऐका."

मी ते कानात घातलं. आधी काही नाही. मग वारा आला. जवळून, अगदी आतून, पोकळीतून आल्यासारखा श्वास. आत गेला, क्षणभर थबकला, बाहेर आला. माझ्यासमोर आत्या बसली होती, तिचं तोंड बंद होतं, आणि ती माझ्या कानात श्वास घेत होती. मला नळी काढून फेकावीशी वाटली. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, काहीतरी बोला." आत्या हळूच म्हणाली, "काय बोलू?" ते दोन शब्द तिच्या तोंडातून मला जेमतेम ऐकू आले आणि तिच्या कानातून इतके मोठे आले की मी दचकून मागं झाले. हे ती तीन महिने ऐकत होती. एकटी, रिकाम्या घरात.

नळीचं दुसरं टोक अजून माझ्या हातात होतं. आत्या माझ्याकडे बघत होती. "तुला आलं ऐकू?"

"आलं, आत्या."

"खरंच?"

"खरंच आलं. तुझाच श्वास आहे. दुसरं कुणी नाही."

तिनं कानातलं टोक काढून हातात घेतलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "म्हंजी त्यो न्हाईच. म्याच व्हते." आणि पदर तोंडावर घेऊन हसू लागली. हसता हसता एकदम थांबली, कारण हसणंही डोक्यात घुमलं असणार. पण पदराआडून पुन्हा हसली. आतेभावाला वाटलं आई रडतेय. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

डॉक्टरांनी त्याला समजावलं. कानापासून घशापर्यंत एक नळी असते. ती एरवी मिटलेली असते, गिळताना क्षणभर उघडते. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते तिच्यामुळेच. त्या नळीला आजूबाजूच्या चरबीचा आधार असतो. माणूस झपाट्यानं वाळलं की आधार जातो आणि नळी उघडीच राहते. मग श्वास सरळ पडद्यावर येऊन आपटतो. आडवं झालं, डोकं खाली केलं की तिथल्या शिरा भरतात आणि नळी मिटते. नाक मोकळं करायचे थेंब तिला आणखी कोरडं, आणखी उघडं करत होते. ते त्या दिवसापासून बंद. मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात, भरपूर पाणी, आणि मुख्य म्हणजे खाणं. मनाच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः फोन केला. त्या गोळ्या कशा कमी करत न्यायच्या ते त्यांनीच ठरवावं, म्हणाल्या. उजव्या कानाच्या पडद्यावर एक चिमुकला कागदाचा तुकडा चिकटवून बघितला, पडद्याला थोडं वजन यावं म्हणून. आत्या उभी राहिली, चार पावलं चालली. "ह्या अंगाला लांब गेला," ती म्हणाली.

निघताना मी कागद वाचला. डॉक्टरांनी घाईत फक्त 'नळीचा बिघाड' असं लिहिलं होतं. एवढ्यावर कोड लावला असता तर तो कुठंही गेला असता. बंद नळी समजून उद्या कुणी पुन्हा तेच थेंब दिले असते. मी परत आत गेले. "डॉक्टर, नळी उघडी राहते, असं स्पष्ट लिहाल? आणि दोन्ही बाजू."

"इन्शुरन्सला लागतं का?"

"नाही. मला लागतं."

त्यांनी लिहिलं. बाहेर बाकावर बसून मी त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडे घातले. H69.0, आणि परदेशी पद्धतीप्रमाणे शेवटी दोन्ही कानांसाठीचा तीन. त्याचा इथं कुणालाच उपयोग नव्हता. तरी घातले.

आत्याला अंग धरायला वेळ लागला. आतेभावाच्या बायकोनं गायी शेजारणीकडे सोपवून तिला दोन महिने तळेगावात ठेवून घेतलं, शेंगदाण्याचे लाडू, तूप, अंडी, जे चालेल ते खाऊ घातलं. चावताना आवाज येतो म्हणून आधी ती पेजच प्यायची, मग भात, मग भाकरी. कागदाचा तुकडा एके दिवशी आपोआप निघाला. डॉक्टर म्हणाल्या, परत लावायची गरज दिसत नाही. गोळ्या हळूहळू बंद झाल्या. माझं कामही तेव्हापासून सावकाश झालं आहे. पेशंट काय म्हणाला तो भाग मी आधी वाचते. श्रवणभ्रम असं लिहिलेल्या फाइली अधूनमधून येतात. त्यात आडवं झाल्यावर काय होतं ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. मी डॉक्टरांना उलट प्रश्न पाठवते. बऱ्याचदा उत्तर येत नाही आणि मुदत संपली की लिहिलंय तोच कोड लावावा लागतो.

माघात आत्या चार दिवस माझ्याकडे राहायला आली. आतोबा होते तोवर ती कुणाकडेच राहायला गेली नव्हती. सकाळी आम्ही धरणाच्या रस्त्यानं फिरायला निघालो. धुकं इतकं होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसती भिंतीची कड दिसत होती. आत्या बोलत होती, मोठ्यानं, मधे न थांबता: गायीला कोणता चारा मानवतो, सून भात कसा मऊ करते, पुढच्या साली कोणतं बी टाकायचं. आतेसासूपासून लग्नातल्या पंगतीपर्यंत सगळं. पस्तीस वर्षांचं साचलेलं असावं.

मधेच ती थांबली आणि मागं वळून बघितलं. रस्ता रिकामा होता.

"काय गं?"

"काय न्हाई. आलता जरा. उपाशीपोटी चाललं का येतो अजून."

"तुझाच आहे ना, आत्या?"

"व्हय की. माजाच हाय." ती पुन्हा चालू लागली. "ठाव हाय मला. पन चालताना मागंच ऱ्हातो बग."

मग तिनं माझा हात धरला आणि बियाण्याचं जिथं सोडलं होतं तिथून, आधीपेक्षा मोठ्या आवाजात, पुढं सांगू लागली.